मोज्यांआधी पायाची नाडी

औषधांच्या दुकानात घट्ट लांब मोजे मिळतात. त्यांच्या खोक्यावर बहुतेक वेळा एक शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, 'सर्क्युलेशन'. म्हणजे रक्ताभिसरण. हे मोजे घाला आणि रक्ताभिसरण सुधारा! आपल्या घरातल्या आजी-आजोबांचे पाय तर थंडगार, दुखरे, वर सुजलेले. मग मुलगा किंवा सून प्रेमाने एक जोडी घेऊन येते, आणि रोज सकाळी ओढाताण करून ती पायांत चढवली जाते.

आम्ही या देशात तीसहून जास्त वर्षे नर्सचं काम केलं. त्यातली बरीच वर्षे डिस्ट्रिक्ट नर्स म्हणून घरोघरी जाऊन लोकांच्या पायांना पट्ट्या बांधण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, खोक्यावरचा तो शब्द अर्धाच खरा आहे. अभिसरण दोन बाजूंचं असतं. मोजे एका बाजूला मदत करतात, आणि दुसरी बाजू बिघडलेली असेल तर तेच मोजे पाय घालवू शकतात. कोणती बाजू बिघडली आहे, हे नुसतं बघून आम्हा नर्सांनासुद्धा खात्रीने सांगता येत नाही. ते मोजावं लागतं. ते कसं, यासाठी हा लेख.

मुलांनो, आधी तुमच्यासाठी दोन शब्द. तिकडे शाळेत आमच्या शास्त्राच्या पुस्तकात रोहिणी आणि नीला अशी रक्तवाहिन्यांची नावं होती. दोन मैत्रिणींची नावं वाटतात की नाही? रोहिणी म्हणजे तुमची आर्टरी. ती हृदयाकडून रक्त घेऊन पायाच्या बोटांपर्यंत खाली येते. नीला म्हणजे व्हेन. ती तेच रक्त परत वर नेते. रोहिणीचं काम सोपं, कारण मागून हृदयाचा जोराचा धक्का असतो. नीलेला मात्र उतरलेलं रक्त जिन्याने वर चढवायचं असतं. त्यासाठी तिच्या आत छोटी छोटी दारं असतात, आणि आपण चाललो की पोटरीचा स्नायू तिला पिळून रक्त वर ढकलतो. ही दारं म्हातारपणी, किंवा फार बाळंतपणं झाली, उभ्याने काम केलं, की सैल होतात. रक्त खाली साचतं, पाय सुजतो, घोट्याजवळची कातडी तपकिरी होते, आणि एखाद्या दिवशी जरासं खरचटलं तरी तिथे जखम होऊन ती महिनोन् महिने वाहत राहते.

घट्ट मोजे आणि पट्ट्या या नीलेसाठी आहेत. घोट्याशी जास्त आणि वर जाताना कमी असा दाब बाहेरून दिला की सैल दारं मिटतात आणि रक्त वर सरकतं. याला कॉम्प्रेशन म्हणतात. उपाय फार चांगला, आम्ही त्याने कित्येक जखमा भरलेल्या पाहिल्या.

पण रोहिणीच अरुंद झाली असेल तर? सिगरेट, मधुमेह, ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल आणि वय यांनी तिच्या आत चरबीचा थर बसतो. इथले डॉक्टर त्याला पी.ए.डी., म्हणजे पेरिफेरल आर्टेरियल डिसीज, म्हणतात. आता जरा हिशेब करा. दंडाचा वरचा दाब 140 आहे असं धरू. निरोगी माणूस आडवा झाला की त्याच्या घोट्याचा दाबही तितकाच किंवा थोडा जास्त असतो. जखमेवर बांधायच्या पूर्ण जोराच्या पट्टीचा दाब सुमारे 40, म्हणजे पाऱ्याचे 40 मिलिमीटर. 140 च्या पुढे 40 म्हणजे काही नाही, रक्त आरामात खाली येतं. पण रोहिणी अरुंद होऊन घोट्याचा दाब 60 वर आलेला असेल, तर त्यावर बाहेरून 40 चा दाब दिल्यावर कातडीला उरलं काय? टाच, नडगीचं हाड, अंगठ्याचा बाजूचा सांधा अशा हाडकुळ्या जागी तर दाब आणखी बसतो. मधुमेहाने पाय बधिर झाला असेल, तर दुखतंय हेही माणसाला कळत नाही. मोजा काढल्यावरच काळा डाग दिसतो.

रोहिणीचं दुखणं ओळखायचं कसं? थोडं चाललं की पोटरी आवळून येते, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की थांबतं, पुन्हा चाललं की तितक्याच अंतरावर पुन्हा सुरू. बसस्टॉपपर्यंत जाताना कोणी दोनदा दुकानाच्या काचेत बघायला थांबत असेल, तर ते काच बघतात की पाय थांबवतात, हे विचारून घ्या. 1831 साली फ्रान्समध्ये बुले नावाच्या घोड्यांच्या डॉक्टरने हे लंगडणं एका घोड्यात पाहून लिहून ठेवलं होतं. माणसांकडे लक्ष गेलं ते नंतर.

आणि राजालाही ते चुकलं नाही. ज्यांचा मुखवटा असलेली नाणी आमच्या लहानपणी आईच्या डब्यात अजून सापडायची, ते सहावे जॉर्ज. 1948 साली त्यांच्या पायांत गोळे यायला लागले, पाऊल बधिर होऊ लागलं, रात्रीची झोप गेली. नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांनी रोहिण्यांचा विकार आहे असं निदान केलं, उजवा पाय कापावा लागेल की काय अशी धास्ती होती. त्याच महिन्यात त्यांचा नातू, म्हणजे आजचे राजे चार्ल्स, जन्माला आला होता. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा पुढे ढकलला. मार्च 1949 मध्ये एडिंबराचे सर्जन जेम्स लियरमंथ यांनी बकिंगहॅम पॅलेसमध्येच ऑपरेशन करून कमरेजवळचे मज्जातंतू कापले, रक्तवाहिन्या सैल पडाव्यात म्हणून. पाय वाचला. पण राजेसाहेब सिगरेट फार ओढत, ते दुखणं पुढे फुफ्फुसात निघालं, आणि फेब्रुवारी 1952 मध्ये ते गेले. आज असा रोगी आला तर आधी सिगरेट सोडवतील.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. आजी म्हणतात, "पाय भरून येतात," "गोळे येतात," "पाय ओढतात," "मुंग्या येतात." बरोबर आलेला नातू जी.पी.ला सगळ्याचं मिळून एकच सांगतो, "लेग पेन." झालं! डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. म्हणून मुलांनो, आजीबरोबर जाल तेव्हा घरी आधी विचारून ठेवा. चालताना दुखतं की बसल्यावर? किती अंतरावर? थांबलं की किती वेळात जातं? रात्री पलंगाबाहेर पाय लोंबता ठेवावा लागतो का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि इथेच घोळ होतो. रोहिणी फार अरुंद झाली की रात्री आडवं पडल्यावर पाऊल ठणकायला लागतं, कारण आडव्या पायात रक्त खाली ओघळून जाण्याची मदत मिळत नाही. माणूस उठतो, पाय पलंगाखाली सोडतो, बरं वाटतं. काही दिवसांनी तो पलंग सोडून खुर्चीतच झोपायला लागतो. घरचे म्हणतात, टी.व्ही. बघता बघता डोळा लागतो त्यांचा. पण पाय रात्रंदिवस खाली लोंबत राहिला की तो सुजणारच! बोटाने दाबलं की खळगा पडतो. मग ती सूज सगळ्यांना दिसते, कोणीतरी म्हणतं पाय उशीवर उंच ठेवा, कोणीतरी मोजे आणतं. दोन्ही उपाय नीलेच्या सुजेवरचे, आणि आजार निघाला रोहिणीचा. उंच ठेवल्याने पाय पांढरा पडून आणखी ठणकतो, तेव्हा म्हातारा माणूस मुकाट्याने तो परत खाली घेतो, आणि "ऐकत नाहीत" अशी बोलणी खातो. सूज दिसली की मोजे, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. सूज हृदयाची असते, मूत्रपिंडाची असते, अॅम्लोडिपिनसारख्या ब्लड प्रेशरच्या गोळीनेही येते.

असंच एक घर आम्हाला आठवतं, उत्तर लंडनमधलं. आजी ऐंशीच्या पुढे, जुना मधुमेह, मुलगा एकटा सगळं करायचा, अगदी निगुतीने. वर्षापूर्वी आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा हॉस्पिटलातून मिळालेले पांढरे मोजे त्याने धुऊन जपून ठेवले होते. पाय सुजले तसे त्याने ते पुन्हा काढले. आम्ही गेलो होतो दुसऱ्याच कामाला. खोलीत शिरलो तर आजी खुर्चीत, पाय खाली, गुडघ्याखाली मोज्याची वळी गुंडाळली जाऊन दोरीसारखा आवळा बसलेला. मोजे काढले, तर टाचेवर जांभळा-काळा डाग. पावलात नाडी हाताला लागेना. त्याच दिवशी हॉस्पिटलात पाठवलं. फुग्याने रोहिणी उघडली, पाऊल वाचलं, एक बोट मात्र गेलं. मुलगा आम्हाला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "पण सिस्टर, हे मोजे तर हॉस्पिटलचेच होते ना?" होते. पण ते तेव्हाच्या त्या काही दिवसांसाठी होते, पडून राहिल्याने नीलेत गुठळी होऊ नये म्हणून. पी.ए.डी. असेल किंवा तसा संशय असेल, किंवा पाय बधिर असतील, तर हे पांढरे मोजे देऊ नयेत, असं 'नाइस' या इथल्या संस्थेच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेलं आहे. पक्षाघात झालेल्यांनाही नाहीत. 2009 साली अडीच हजारांवर पक्षाघाताच्या रोग्यांवर केलेल्या क्लॉट्स या मोठ्या चाचणीत मांडीपर्यंतच्या मोज्यांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, उलट कातडीच्या इजा वाढल्या, मोजेवाल्यांत 5 टक्के आणि बिनमोज्यांत 1 टक्का.

तर मोजायचं कसं? या तपासणीचं नाव ए.बी.पी.आय. अक्षरं लक्षात ठेवा. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, इतकंच. सुई नाही, रक्त नाही. दहा ते वीस मिनिटं आडवं पडायचं. मग दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना नेहमीचा ब्लड प्रेशरचा पट्टा बांधतात, आणि पावलावर जेली लावून पेनासारखा डॉपलर ठेवतात. त्यातून रक्ताचा आवाज ऐकू येतो. चांगल्या रोहिणीचा आवाज ठसक्यात, दोन-तीन टप्प्यांत येतो. अरुंद रोहिणीचा एकसुरी, दमलेल्या माणसाने फुंकर घातल्यासारखा. लहान मुलं घरात असली की आम्ही त्यांना तो ऐकवायचो. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या सर्जनांनी 1969 साली घोट्याच्या दाबावर लिहिलं, तिथून ही पद्धत पुष्कळ पुढे आली.

उत्तर साधारण 0.8 ते 1.3 मध्ये आलं तर पूर्ण दाबाची पट्टी चालते. 0.5 ते 0.8 मध्ये रोहिणीचा आजार आहे. जखम नीलेचीही असेल तर कमी दाब देता येतो, पण तज्ज्ञांच्या नजरेखाली. 0.5 च्या खाली कॉम्प्रेशन नाही, तातडीने रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे. आणि मधुमेहवाल्यांनी एक लक्षात ठेवावं, त्यांच्या रोहिण्या कधी कधी चुना बसून नळासारख्या कडक होतात, पट्टा दाबूनही दबत नाहीत. मग आकडा 1.3 च्या वर येतो आणि 'फार छान' असं वाटतं. ते छान नसतं. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब वेगळा मोजतात.

इथपर्यंत वाचून कोणी मोजे खिडकीबाहेर फेकतील, म्हणून दुसरी बाजूही ठासून सांगतो. भीतीने कॉम्प्रेशन न देणं हाही अन्यायच. नीलेच्या जखमा घेऊन लोक वर्षानुवर्षे बसतात, नुसत्या ड्रेसिंगवर ड्रेसिंग, घरात वास येतो म्हणून पाहुण्यांना बोलवत नाहीत. फुलहॅमच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलने 1980 च्या दशकात चार थरांची पट्टी काढली. आधी कापसाचा थर, मग क्रेप, मग लवचिक, मग चिकटून राहणारा. 1988 साली त्यांनी 148 हट्टी जखमांचा हिशेब छापला, त्यातल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश 12 आठवड्यांत भरल्या होत्या. त्या कामात क्रिस्टीन मॉफट या नर्सचा मोठा हात होता, हे आम्ही अभिमानाने सांगतो. ती पट्टी बांधायला शिकणं म्हणजे पुरणपोळी लाटण्यासारखं, हाताला समजावं लागतं. त्याच ताणाने बांधली तरी बारीक पायावर दाब जास्त पडतो आणि जाड पायावर कमी. म्हणून बारीक नडगीवर आधी कापूस भरून गोलाई आणतात.

इंग्लंडमध्ये 2020 पासून जखमांविषयीचे जे राष्ट्रीय धोरण आले, त्यात असं आहे की गुडघ्याखाली जखम घेऊन आलेल्याला धोक्याची चिन्हं नसतील तर सुरुवातीला सौम्य दाब, 20 मिलिमीटरपर्यंतचा, द्यावा, आणि चौदा दिवसांच्या आत डॉपलरसकट पूर्ण तपासणी करावी. प्रत्यक्षात नर्सा कमी, रांगा लांब. म्हणून विचारत राहावं लागतं. नातवंडांनी हे एक वाक्य पाठ करावं, "हॅज माय ग्रॅनीज ए.बी.पी.आय. बीन डन, अँड व्हॉट वॉज द नंबर?" आकडा कागदावर लिहून घ्या, तारखेसकट. यात उद्धटपणा काही नाही, चांगल्या नर्सला हा प्रश्न आवडतो.

पाय धरून हवेने फुगणारी-बसणारी यंत्रं असतात, त्यांबद्दलही आम्हाला विचारतात. ती मोज्यासारखी सतत आवळत नाहीत, क्षणभर पिळून सोडतात, त्यामुळे नीला रिकामी होते आणि रोहिणीचं रक्त उतरायला वाट मिळते. लंडनच्याच एका छोट्या अभ्यासात, 2005 सालच्या, त्याने रोग्यांचं चालण्याचं अंतर वाढलं होतं. पण ते हॉस्पिटलच्या देखरेखीत, नेमक्या दाबाने. टी.व्ही.वरची जाहिरात बघून मागवलेलं यंत्र ते नव्हे.

रोहिणीचा खरा उपाय कंटाळवाणा वाटेल, चालणं. दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. नाइसच्या 2012 च्या मार्गदर्शनात आठवड्याला दोन तास, तीन महिने, देखरेखीखाली चालवण्याचा कार्यक्रम पहिला सांगितला आहे. जी.पी.ना त्याबद्दल विचारा, सगळीकडे असतो असं नाही. सोबत सिगरेट बंद, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि साखर ताब्यात. मलिद्याचा घास घ्या, ताट नको! पायाच्या बोटावर किंवा टाचेवर जखम झाली, बोट काळं पडलं, रात्री झोपू न देणारं दुखणं सुरू झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि पाय अचानक थंड, पांढरा, बधिर पडला, हलवता येईना, तर वाट न बघता 999.

मुलांनो, आता तुमचं काम. आजोबांचे मोजे काढून त्यांच्या पावलावर, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या रेषेत वर, दोन बोटं हलकेच टेकवा. टुकटुक लागते का? नसेल तर आतल्या घोट्याच्या मागे बघा. काही धडधाकट माणसांची पावलावरची नाडी जन्मतःच सापडत नाही, म्हणून घाबरू नका, आणि सापडली म्हणून मोजे घालायची परवानगी मिळाली असंही समजू नका. पण त्या निमित्ताने टाच आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहिल्या जातात, ते फार मोठं काम आहे. कीपूरला चामड्याचे जोडे घालत नाहीत म्हणून मधुमेहवाल्यांनी अनवाणी फिरू नये, कापडाचे किंवा रबराचे, मऊ तळव्याचे घालावेत.

राहिला विमानाचा प्रवास. मुंबईला जायचं म्हणजे नऊ-दहा तास, इस्रायलला पाच. तरण्या पायांना प्रवासी मोजे चांगले. पी.ए.डी. असलेल्यांनी, बायपास झालेल्यांनी आणि बधिर पायवाल्यांनी जी.पी.ना विचारल्याशिवाय ते घालू नयेत. कडेची सीट मागा, तासाला उठा, बसल्या जागी टाच-चवडा टाच-चवडा करा. आणि नातेवाइकांनी युरोपातून आणलेल्या मोज्यांवर 'क्लास 2' लिहिलं असलं तरी तो इथला क्लास 2 नव्हे. ब्रिटिश क्लास 2 म्हणजे 18 ते 24 मिलिमीटर, जर्मन क्लास 2 म्हणजे 23 ते 32. ज्यांना मोजे सांगितलेले आहेत त्यांनी माप सकाळी, सूज चढायच्या आधी घ्यावं, वरची कड दुमडू नये, आणि रोज धुतलेले मोजे सहा महिन्यांच्या आत बदलून घ्यावेत, कारण तोवर त्यांचं रबर सैल झालेलं असतं. ते बदलायला जाल तेव्हा मागचा डॉपलर कधी झाला, हेही विचारून या.